भिंतीपलीकडची घंटा

नागपूरहून हैदराबादकडे जाणारी गाडी यवतमाळ जिल्ह्यात केळापूरच्या टोलनाक्यावर येते, क्षणभर वेग कमी करते, आडवा दांडा वर होतो आणि गाडी पुढे निघते. पैसे चुकते झालेले असतात. काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगच्या पट्टीत ना बॅटरी, ना तार. मग ती नाक्यावरच्या यंत्राला आपला क्रमांक सांगते तरी कशी? या प्रश्नाचा माग काढत गेले तर वाटेत अनेक देश लागतात, पण एक महत्त्वाचा मुक्काम लागतो तो कोलकात्यात, जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगशाळेत.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८चा. वडील भगवानचंद्र इंग्रज सरकारात डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. पण मुलाला त्यांनी मुद्दाम बंगाली शाळेत घातले. तिथे चपराशाचा आणि कोळ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. पुढे केंब्रिजला लॉर्ड रॅले यांच्या हाताखाली शिकून बोस १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे हिंदी माणसाला गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार मिळे. बोस यांनी तंटा केला नाही, नोकरी सोडली नाही. फक्त पगाराला हात लावला नाही. एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षे! घरावर कर्ज होते, १८८७मध्ये अबलादेवींशी लग्न झाले होते. त्या दोघांनी ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना संसारी माणसालाच येईल. अखेर सरकार नमले आणि मागील सारी थकबाकी पूर्ण दराने मिळाली.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक टिनकाराच्या मदतीने, बोस यांनी स्वतःची उपकरणे घडवली. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटरच होती. १८९५ साली कोलकात्यात त्यांनी भरसभेत त्या लहरी भिंतीपार पाठवल्या. पलीकडे घंटा वाजली, दारूचा भडका उडाला.

मार्कोनीला लहरी दूर न्यायच्या होत्या, बोस यांना त्यांचा स्वभाव जाणून घ्यायचा होता. त्यामुळे मार्कोनीने चोरी केली की नाही, हा आपल्याकडचा आवडता वाद मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. बोस यांचे खरे मोठेपण लहरी पकडणाऱ्या भागात आहे. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून त्यांनी लहरी टिपल्या. १९०१मध्ये एका तार कंपनीच्या मालकाने पेटंटासाठी गळ घातली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पुढे भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहाने अमेरिकेत अर्ज गेला, १९०४मध्ये पेटंट मिळाले. बोस यांनी त्याचा कधीच लाभ घेतला नाही आणि ते तसेच संपू दिले. अर्धवाहकाच्या उपकरणाचे जगातले पहिले पेटंट म्हणून आज त्याचा उल्लेख होतो.

टोलनाक्यावर हेच तत्त्व कामाला येते. वरचे यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते. पट्टीतला अँटेना त्या पकडतो. मोहरीच्या दाण्याहून लहान अशी अर्धवाहकाची चिप त्या उलटसुलट वाहणाऱ्या लहरीला एकाच दिशेने वाहायला लावते आणि त्यावरच जागी होते. मग ती स्वतः काही पाठवत नाही. मुलगा आरशाने उन्हाचा कवडसा हलवतो ना, तशी आलेली लहर कमी-जास्त परतवते, आणि त्या चढउतारात क्रमांक असतो. याला आरएफआयडी म्हणतात. ग्रंथालयातली पुस्तके, मेट्रोची कार्डे, दुकानातला माल, सगळीकडे हाच खेळ. कार्डाच्या लहरी वेगळ्या आणि पल्ला काही सेंटिमीटरचा, एवढेच. धातू मात्र लहरींची वाट बिघडवतो. पट्टी काचेवर लावतात ती म्हणूनच.

याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेलेल्या वाघाच्या गळ्यात मात्र रेडिओ कॉलर होती. तिच्यात बॅटरी असते, ती आपणहून बोलते. बिनबॅटरीच्या चिपेला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि विचारणारा जवळच असावा लागतो. इतक्या मोठ्या जंगलात तिचा काय उपयोग?

अशी चिप प्रत्यक्षात यायला बोस यांच्यानंतर अनेक दशके जावी लागली आणि तिचे श्रेय बऱ्याच जणांचे आहे. बोस तोवर लहरींपासून केव्हाच दूर गेले होते. लहरी टिपणारा धातू सतत वापराने थकतो आणि विश्रांतीने सावरतो, हे पाहून त्यांचे मन सजीवांकडे वळले. उरलेले आयुष्य त्यांनी वनस्पतींच्या संवेदना मोजण्यात घालवले. पगारासाठी तीन वर्षे अडून बसलेल्या या माणसाने १९१७ साली, आपल्या वाढदिवशी, स्वतःच्या बचतीतून आणि देणग्यांतून कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर उभारले आणि इथल्या शोधांची पेटंटे घ्यायची नाहीत, असे ठरवून टाकले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते गेले, तेव्हा एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा उरला होता.