ठाकूर प्यारेलाल सिंह : कामगारांचा वकील

1 मे म्हटले की आपल्याला महाराष्ट्र दिनाची परेड आठवते. पण तोच दिवस जगभर कामगार दिन म्हणूनही पाळतात. माझे घर रायपूरला आहे. छत्तीसगडमध्ये रात्रभर पाण्यात ठेवलेला भात सकाळी कांदा, मिरची आणि मीठ घालून खातात. त्याला बोरे बासी म्हणतात. शेतावर आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसांची ही न्याहारी. 2022 साली तिथल्या सरकारने कामगारांच्या सन्मानासाठी 1 मेला सर्वांनी बोरे बासी खावी, असे आवाहन केले होते.

मित्रांनो, हा सन्मान एका दिवसाच्या न्याहारीने मिळालेला नाही. त्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांच्यापैकी एक म्हणजे ठाकूर प्यारेलाल सिंह. छत्तीसगडमध्ये त्यांचे नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. महाराष्ट्रात मात्र ते फारसे कुणी ऐकलेले नाही. म्हणून हा लेख.

प्यारेलाल यांचा जन्म 21 डिसेंबर 1891 रोजी राजनांदगावजवळच्या दैहान या गावी झाला. आपण मुंबईकडून हावड्याच्या गाडीने निघालो, की गोंदिया आणि डोंगरगड ओलांडल्यावर राजनांदगाव लागते. तिथून रायपूर साधारण 70 किलोमीटर. त्या काळी राजनांदगाव हे छोटेसे संस्थान होते. बंगालच्या फाळणीनंतर 1905 मध्ये स्वदेशीची चळवळ सुरू झाली, तेव्हा प्यारेलाल आपल्याच वयाचे होते. त्यांनी शाळेतल्या मुलांना एकत्र करून संप घडवून आणला. पुढे 1909 मध्ये त्यांनी राजनांदगावात सरस्वती वाचनालय सुरू केले. नंतर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि 1916 पासून वकिली सुरू केली. हुशार वकिलाला त्या काळी मान, पैसा आणि मोठा वाडा सहज मिळत असे. त्यांनाही तो मिळाला असता.

राजनांदगावात बंगाल नागपूर कॉटन मिल म्हणजे बी.एन.सी. मिल ही मोठी कापड गिरणी होती. तिची मच्छरदाणीची जाळी प्रसिद्ध होती. पण ती विणणाऱ्यांना दिवसाला बारा-तेरा तास राबावे लागे. इंग्रजांच्या मुलखात 1911 च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषांचा दिवस निदान बारा तासांवर आणला होता. संस्थानात मात्र तो कायदा नव्हता, तिथे दरबारचा हुकूम चाले. शिवाय कामगार संघटनांना संरक्षण देणारा कायदा आपल्या देशात 1926 मध्ये आला. त्याआधी संघटना करणाऱ्या कामगाराच्या पाठीशी कोणताच कायदा नव्हता.

अशा वेळी 1920 मध्ये गिरणी कामगारांनी संप केला आणि 28 वर्षांचे प्यारेलाल त्यांचे पुढारी झाले. हा संप पाच आठवड्यांहून अधिक काळ चालला. आपल्याला सुटीत सुद्धा मेसचे जेवण आठवते. त्या कामगारांच्या घरात मजुरी थांबली की चूल थांबत असे. तरीही ते फुटले नाहीत. शेवटी कामाचे तास कमी करण्यात आले.

त्याच वर्षी मुंबईत देशभरातल्या कामगारांची संघटना, ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, स्थापन झाली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 1919 मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना जन्माला आली होती. कामगारावर अन्याय होत राहिला तर जगात शांतता टिकत नाही, हा विचार तिच्या मुळाशी होता. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्याच परिषदेत कारखान्यात दिवसाला आठ तास काम असावे, असा ठराव झाला. भारतासाठी मात्र आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठेवली गेली. म्हणजे जगाच्या एका टोकाला मोठमोठे देश ज्या प्रश्नावर बसून बोलत होते, तोच प्रश्न एका छोट्या संस्थानातले गिरणी कामगार उपाशी पोटी सोडवत होते.

1924 मध्ये गिरणीत पुन्हा संप झाला. या वेळी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जरहू गोंड हा कामगार मरण पावला. प्यारेलाल यांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले. जिथे जन्मले, शिकले आणि वाचनालय काढले, ते गाव त्यांना सोडावे लागले. ते रायपूरला आले आणि पुढे रायपूरचेच झाले.

1930 च्या आणि 1932 च्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आली आणि वकिलीची सनदही काढून घेण्यात आली. ज्याच्या जोरावर त्यांना सुखाने जगता आले असते, ते सगळेच गेले. लोकांनी मात्र त्यांना त्यागमूर्ती म्हटले. पुढे ते तीन वेळा रायपूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या आयुष्यातले मला सर्वांत आवडलेले काम 1945 चे आहे. गिरणी कामगाराला निदान मालक कोण हे दिसते. हातमागावर विणणाऱ्या कोष्ट्याला तेही दिसत नसे. तो घरीच काम करी. त्याला सूत व्यापाऱ्याकडून महाग घ्यावे लागे आणि कापड त्यालाच स्वस्त विकावे लागे. मधला नफा व्यापाऱ्याचा, कर्ज विणकराचे. संप करणार तरी कुणाविरुद्ध? प्यारेलाल यांनी यावर वेगळा उपाय केला. त्यांनी विणकरांचा सहकारी संघ काढला. सर्वांनी मिळून सूत घाऊक घ्यायचे आणि कापड मिळून विकायचे, म्हणजे मधला नफा विणकराच्या घरात राहतो. नंतर तेलघाणीवाले, मासेमार ढीमर अशा इतरांच्याही सहकारी संस्था त्यांनी उभ्या केल्या. अन्याय थांबवणे हे अर्धे काम आहे. माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे हे उरलेले अर्धे. ही दोन्ही कामे त्यांनी केली.

स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसमधून बाहेर पडले. 1952 च्या निवडणुकीत रायपूरमधून निवडून येऊन ते नागपूरच्या विधानसभेत विरोधी पक्षाचे नेते झाले. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे विनोबांच्या भूदान चळवळीत ते गावोगाव पायी फिरले. भूमिहीन मजुरांसाठी जमीन मागत फिरतानाच 20 ऑक्टोबर 1954 रोजी जबलपूरजवळ त्यांचे निधन झाले. आज छत्तीसगड सरकार सहकार क्षेत्रातल्या चांगल्या कामासाठी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

आपण सैनिकी शाळेत शिकतो. इथे हुकूम पाळायला शिकवतात. म्हणून कुणी विचारेल, संप करणाऱ्याचे चरित्र आपल्याला काय कामाचे? मी यावर बराच विचार केला. हुकूम देणाऱ्यावरही जबाबदारी असते, हे आपल्याला इथेच शिकवले जाते. चांगला अधिकारी आपल्या जवानांची ताटे भरल्याशिवाय स्वतः जेवायला बसत नाही. आपला दिवस पहाटेच्या पीटीने सुरू होतो, पण त्यात जेवणाची वेळ ठरलेली असते, खेळाची असते आणि रात्री लाइट्स आउटही होतात. शिस्त म्हणजे माणसाला थकवून टाकणे नव्हे. ज्या गिरणीत बारा-तेरा तास काम आणि विश्रांती नाही, तिथे शिस्त नव्हती, नुसती सक्ती होती. आणि घरात दाणा नसताना पाच आठवडे एकत्र उभे राहिलेल्या कामगारांकडे खरी शिस्त होती, असे मला वाटते.

1999 पासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना जगभर सन्मानाच्या कामाचा आग्रह धरते. पुरेसा मोबदला, सुरक्षित जागा, ठरलेले तास आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला साधे वाटते, पण अजून सर्वांना ते मिळालेले नाही. आमच्या छत्तीसगडमधून दरवर्षी कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह दूरच्या राज्यांतल्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात. ती मुले आपल्या वयाची असतात.

उद्या आपल्यातले काही जण अधिकारी होतील, काही कारखाने चालवतील, काही शेती करतील. कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली माणसे असतीलच. त्या दिवशी आपल्या हाताखालच्या माणसाचे तास, त्याचे ताट आणि त्याचे म्हणणे आठवले, तर ठाकूर प्यारेलाल सिंह यांचे चरित्र आपण नीट वाचले असे म्हणता येईल.