इथाका ते पुणे : ज्ञानकोशकार केतकर

ज्ञानकोशकार केतकर हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत एकदा तरी ऐकलेलं असतं. पुढचा प्रश्न विचारला की मात्र बहुतेकांची गाडी तिथेच अडते. आम्ही काही समाजशास्त्राचे अभ्यासक नव्हे, रोज कोड लिहिणारी इंजिनिअर मंडळी. पण हा माणूस शंभरहून अधिक वर्षांपूर्वी याच देशात विद्यार्थी म्हणून आला होता, हे कळल्यावर आम्ही त्यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि वाचतच राहिलो.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा अमरावतीला, कॉलेज मुंबईचं विल्सन. १९०६ साली ते अमेरिकेला निघाले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. अपस्टेटचा हिवाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात ना देशी किराणा, ना मंडळ, ना फोन. घरचं पत्र बोटीने येणार!

त्या काळी इकडे येणारा मुलगा काहीतरी उपयोगाचं शिकून येईल अशीच घरच्यांची अपेक्षा असे (ते काही फारसं बदललेलं नाही). केतकरांनी विषय घेतला जातीचा. पद्धतही त्यांची स्वतःची. मनुस्मृती हा पवित्र ग्रंथ आहे की टाकाऊ, या वादात न पडता त्यांनी तिच्याकडे पुरावा म्हणून पाहिलं. ती इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराची धरून, त्या वेळी समाज प्रत्यक्षात कसा चालत असावा हे तिच्या नियमांतून शोधायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाईल वाचून सिस्टीमचा अंदाज बांधण्यासारखं. हे पुस्तक १९०९ साली इथाकामध्येच छापून निघालं. लेखकाचं वय २५.

आता पुढची गंमत पाहा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या एका सेमिनारमध्ये दुसऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचंही वय २५. त्या निबंधात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले या युरोपीय पंडितांच्या जोडीने केतकरांची व्याख्या तपासलेली आहे. जात एकेकटी न पाहता इतर जातींच्या संदर्भात पाहिली, याबद्दल बाबासाहेबांनी केतकरांना शाबासकी दिली आणि लगेच त्यांची चूकही काढली. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: जन्मानेच सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. ही दोन वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे आंबेडकरांनी दाखवून दिलं, आणि तिथून पुढे स्वतःची मांडणी उभी केली. संशोधन पुढे सरकतं ते असं. पंचविशीतल्या एकाने लिहायचं आणि सात वर्षांनी पंचविशीतल्या दुसऱ्याने ते गंभीरपणे खोडायचं. दोघांपैकी एकाच्याही हातात तेव्हा कायमची नोकरी नव्हती!

१९११ मध्ये केतकरांना डॉक्टरेट मिळाली. त्याच साली हिंदू धर्माची घडण आणि त्याचं भवितव्य यावरचं त्यांचं दुसरं पुस्तक लंडनला निघालं. १९१२ मध्ये ते भारतात परतले. कलकत्ता विद्यापीठात थोडा काळ शिकवलं, पण ते काही टिकलं नाही. कॉर्नेलची पीएचडी, दोन इंग्रजी पुस्तकं, आणि तरी स्थिर पगार नाही. आज आपली मुलं इथे अँथ्रॉपॉलॉजी किंवा इतिहास घ्यायचं म्हणतात तेव्हा आपल्या पोटात जो गोळा येतो, तो काही नवा नाही.

यानंतर केतकरांनी जे केलं त्याला आम्ही तरी वेडच म्हणू. जगातलं ज्ञान मराठीत आणायचं, पण त्यासाठी राजाश्रयाची वाट न पाहता चक्क लिमिटेड कंपनी काढायची! शेअर विकायचे, आगाऊ वर्गणीदार मिळवायचे, त्यासाठी गावोगाव हिंडायचं. काम नागपूरला सुरू झालं, पुढे पुण्याला आलं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे एकूण २३ विभाग, साधारण १९२० ते १९२९ या काळात निघाले. त्यातले पहिले पाच प्रस्तावनेचेच: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. त्यातलं बरंचसं शास्त्र आता जुनं झालं आहे, काही मतं तर आज वाचताना चांगलीच खटकतात. पण वेळापत्रक ठरवून एवढा मोठा प्रोजेक्ट पुरा केला, ही गोष्ट आमच्यासारख्यांना डेडलाईन कशा पुढे जातात हे ठाऊक असल्यामुळे जास्तच अचंब्याची वाटते.

आमच्या मते त्या ज्ञानकोशापेक्षाही मोठं होतं ते त्याचं कार्यालय. तरुणांनी तिथे कामातूनच संशोधन शिकायचं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे तिथेच तयार झाले, आणि पुढे १९३२ पासून त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश काढला. एखाद्या मराठी शब्दासाठी आज आपण ऑनलाईन शोध घेतो तेव्हा बहुतेक वेळा दाते-कर्वेच समोर येतात.

केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. भाषा ओबडधोबड, कथानक अधूनमधून थांबतं आणि लेखक समाजशास्त्र सांगू लागतो. तरी 'ब्राह्मणकन्या' जरूर वाचा. जातीबाहेरच्या संबंधांतून जन्मलेल्या पुढच्या पिढीच्या वाट्याला काय येतं, हे त्यात आहे. इथे वाढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना ती बरीच जवळची वाटेल. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. मान मिळाला, पैसा मात्र नाही. शेवटची वर्षं ओढगस्तीची आणि मधुमेहाची गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते वारले, वयाच्या ५३ व्या वर्षी.

लंडनमध्ये त्यांची ओळख झाली होती ती एडिथ कोन या जर्मन ज्यू तरुणीशी. १९२० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला तो या शीलवतीबाईंनी. पहिला खंड १९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने छापला. नवऱ्याची आणि आपल्या संसाराची हकिकत त्यांनी 'मीच हे सांगितलं पाहिजे' या पुस्तकात लिहिली, तीही मराठीतून, १९६९ मध्ये.