हात झोपतो, तुम्ही जागे!

समजा, हाताचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, पूर्ण भूल नको, फक्त हात बधिर करू. दंडाला पट्टा आवळला जातो, शिरेत इंजेक्शन जातं आणि थोड्या वेळात तो हात तुमचा राहतच नाही. तुम्ही मात्र टक्क जागे! या पद्धतीचं नाव 'बीअर ब्लॉक'. हसू नका, ते आडनाव आहे. (जर्मनमध्ये स्पेलिंग तेच, हेही खरं.)

ऑगस्ट बीअर जन्मले १८६१ मध्ये, जर्मनीत. कील शहरात ते एस्मार्ख या नामवंत सर्जनचे असिस्टंट होते. क्लोरोफॉर्म, ईथरचा तो जमाना. भूलही जिवावर बेतायची. आख्खा माणूस बेशुद्ध न करता फक्त दुखरा भाग बधिर करता येईल का, या प्रश्नाने त्यांना पछाडलं.

ऑगस्ट १८९८ मध्ये त्यांनी कण्यात कोकेन देऊन काही ऑपरेशनं केली. जमलं, पण पेशंटना नंतर डोकेदुखी, उलट्या. मग ठरलं, स्वतःवरच करून बघू. ज्युनियर हिल्डेब्रांट यांनी बीअर यांच्या पाठीत सुई घातली, पण सिरिंज तिला नीट बसेना. कण्यातलं पाणी गळालं, औषध वाया. मग हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाले. त्यांचे पाय बधिर झाल्यावर बीअर यांनी मांडीत हाडापर्यंत सुई खुपसली, जळती सिगार टेकवली, नडगीवर हातोडी हाणली. दुखलं नाही! रात्री दोघांनी वाइन पिऊन सेलिब्रेट केलं. पुढे बीअर नऊ दिवस अंथरुणात आणि हिल्डेब्रांट उलट्या करत, ठणकत्या पायांनी कामावर. पेपर छापून आला तो मात्र एकट्या बीअर यांच्या नावाने. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. हिल्डेब्रांट पुढे त्यांचे विरोधकच झाले.

शिरेची आयडिया आली १९०८ मध्ये, बर्लिनला. हात-पाय रक्तहीन करून ऑपरेशन करण्यासाठी गुरू एस्मार्ख यांनी रबरी पट्टा वापरात आणला होता. बीअर यांनी विचार केला, रक्त काढून शिरा रिकाम्याच केल्यात, तर त्यातूनच औषध का पाठवू नये? वर-खाली दोन पट्टे आवळून मधल्या शिरेत त्यांनी नोव्होकेन सोडलं. औषध आतून झिरपत नसांपर्यंत पोहोचलं. पट्टा सोडला की काही मिनिटांत संवेदना परत!

पण सगळी मदार पट्ट्यावर. तो लवकर सुटला तर तेच औषध थेट मेंदू आणि हृदयाकडे धावतं. झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकतं.

पद्धत मागे पडली, बीअर मात्र थांबले नाहीत. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या डोक्याच्या जखमा बघून त्यांनी पोलादी हेल्मेटचा आग्रह धरला. नाझी राजवटीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांनी १९३७ मध्ये घेतला. हे पान वगळून चालणार नाही. १९४९ मध्ये ते गेले, झाऊएन गावी, स्वतः वाढवलेल्या जंगलाजवळ.

१९६३ मध्ये न्यूझीलंडच्या होम्स यांनी लिग्नोकेन वापरून ही पद्धत पुन्हा वर आणली. आजही ऑपरेशन दहा मिनिटांत उरकलं, तरी पट्टा लगेच सोडत नाहीत. घड्याळ बघत थांबतात.