नाना शंकरशेट आणि फळीवरची आगगाडी



सातवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी केलेली फळीवरची आगगाडी तुम्ही पाहिली असेलच. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी, बोरीबंदर ते ठाणे. बोरीबंदरच्या फलाटावर लाल पगडीचा एक मातीचा माणूस उभा आहे. तो कोण, असे चौथीची मुले विचारीत होती. ते नाना शंकरशेट. त्यांची ही हकीकत.

पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जन्म 10 फेब्रुवारी 1803, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. वडील मुंबईतले बडे व्यापारी. आई लहानपणीच वारली आणि 1822 साली वडीलही गेले. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर एवढा मोठा कारभार पडला. पैसा इतका, की नुसते बसून खाल्ले असते तरी चालले असते. पण नानांचे लक्ष शाळांकडे. मुंबईत शाळा काढणे, मराठीत पुस्तके तयार करविणे, यासाठी निघालेल्या संस्थेत ते पुढे होते. मुलींनी शिकावे हे तेव्हा लोकांना पटत नसे. तरी 1849 च्या सुमारास मुलींच्या शाळेला नानांनी गिरगावात आपल्या वाड्यातच जागा दिली. शिक्षण फक्त इंग्रजीतून द्यावे, असे काही साहेब म्हणत. नाना त्यांच्याशी भांडले. मुलांना आपल्या भाषेत शिकवा, हा त्यांचा हट्ट. आपण आज हे मराठीत वाचतो आहोत, बरं का!

आता आगगाडीकडे वळू. विलायतेत 1830 साली लिव्हरपूल ते मँचेस्टर गाडी सुरू झाली. इकडे वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईला यायचा. वाटेत कितीतरी दिवस जायचे. पावसात माल भिजायचा, धुळीत मळायचा. आपल्याकडेही आगगाडी हवी, हे नानांच्या मनाने घेतले. 1845 साली त्यांनी आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन रेल्वेसाठी मंडळ काढले. पुढे 1849 साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी कायद्याने उभी राहिली. तिच्या संचालकांत हिंदी माणसे दोनच, जमशेटजी आणि नाना. कंपनीच्या कचेरीला नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली होती, असे सांगतात. म्हणजे आगगाडीचे पहिले बिऱ्हाड गिरगावात! आमच्या फळीवर गिरगावचा वाडा रुळांपासून दूर, कोपऱ्यात आहे तो याचसाठी. गाडी तिथून जात नाही, पण वाडा हवाच.

31 ऑक्टोबर 1850 रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. तिथे तेव्हा खाडीची दलदल होती. भराव घालून रूळ पुढे न्यायचे होते. भायखळा, परळ, दादर या बाजूला तेव्हा वाड्या, बागा आणि शेते होती. आज तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही! रुळांत अंतर 5 फूट 6 इंच. माती वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. सातवीच्या मुलांनी फलाटावर नानांना उभे केले हे ठीकच. पण शीवच्या भरावावर घमेली घेतलेली चार माणसे बसवायला हवी होती. माती उरली असेल तर अजून बसवावीत.

लोक मात्र भ्यायले होते. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी पळते, म्हणजे यात भूत आहे. रुळाखाली माणसे पुरतात, अशाही आवया उठल्या होत्या म्हणे. अशा वेळी आपल्यातलाच मोठा माणूस या कामात आहे, हे लोकांना दिसणे फार मोलाचे होते.

16 एप्रिल 1853, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास 21 तोफांची सलामी झाली आणि गाडी हलली. 14 डबे, सुमारे 400 निमंत्रित, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. अंतर 21 मैल, म्हणजे 34 किलोमीटर.

हे 34 किलोमीटर फळीवर कसे मावले, हेही सांगू. आपले डबे काड्यांच्या पेट्यांचे, 1 ला 120 या मापाचे. त्याच मापाने मार्ग केला असता तर तो 283 मीटर झाला असता! म्हणून चारच ठिकाणे घेतली: बोरीबंदर, भायखळा, शीव, ठाणे. चार-चार फुटांच्या दोन फळ्या बिजागरीने जोडल्या आहेत. सांध्यावर रूळ नेमका कापला आहे. घरे आणि झाडे खिळ्यांवर बसवली आहेत, ती उपटून डब्यात ठेवायची. फळी मिटली की दोघांनी धरून एस.टी.त चढवता येते.

गाडी सुरू झाली, पण नानांचे दिवस सगळे गोडच गेले असे नाही. 1857 च्या उठावात बंडवाल्यांना त्यांची मदत आहे, असा संशय सरकारला आला. चौकशी झाली, काही निघाले नाही. सोनापूरचे स्मशान शिवडीला हलविण्याचा सरकारचा बेत होता. गिरगावातल्या गरिबाने प्रेत खांद्यावर घेऊन एवढे लांब कसे जायचे? नाना आडवे आले आणि स्मशान जागच्या जागी राहिले. साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि त्यांनाच नाही म्हणायचे, ही कसरत त्यांनी जन्मभर केली. 31 जुलै 1865 रोजी ते वारले.

बोरीबंदरची आजची मोठी इमारत 1888 साली पुरी झाली, म्हणजे नानांच्या मागून. तिच्या दर्शनी भिंतीवर संचालकांचे दगडी मुखवटे गोल चौकटीत कोरले आहेत. त्यांत नानाही आहेत. सहलीला गेलात तर मान वर करून शोधा.

ठाण्यानंतर 1 मे 1854 रोजी गाडी कल्याणला पोचली. कल्याणपासून मुरबाड तीसेक किलोमीटर. त्या लोहमार्गाला मंजुरी मिळाली आहे, पण गाडी अजून आलेली नाही. नानांच्या जन्मगावची मंडळी एस.टी.ने कल्याणला येतात आणि तिथून आगगाडी धरतात. फळीच्या उजव्या काठाशी, जिथे रूळ संपतात त्याच्याही पुढे, एक लाल टाचणी टोचलेली आहे. ते मुरबाड.