ऐकलेले आणि उमजलेले

लोंढ्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बेळगाव मागे पडले, की थोड्याच वेळात सुळेभावी लागते. ८ एप्रिल १९२४ रोजी याच गावी सिद्धरामय्या कोमकळी यांच्या घरी शिवपुत्र जन्मला. घर कन्नडभाषक लिंगायतांचे. वडील स्वतः गाणारे, त्यामुळे गाणे घरातच होते. तरीही या मुलाचे खरे पहिले गुरू म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या.

वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी शिवपुत्र रामकृष्णबुवा वझे यांची तबकडी जशीच्या तशी गाऊ लागला. पाठोपाठ अब्दुल करीम खाँ, नारायणराव व्यास अशा थोर गायकांच्या तबकड्यांची त्यात भर पडली. तान, श्वास, आवाजाचा पोत, सारेच त्याच्या गळ्यातून हुबेहूब उमटे. हे नवल पाहून लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच नाव रूढ झाले. १९३५ मध्ये अलाहाबादच्या संगीत परिषदेने आणि १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधील मैफलीने हा बालगायक देशभर गाजला. मात्र ही कीर्ती अनुकरणाची होती. बालवयातील अशी कीर्ती आवाज फुटताच ओसरते, याचे दाखले आपल्या संगीतात थोडे नाहीत.

मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी या मुलाला आपल्या विद्यालयात घेतले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण एकाच घराण्याच्या कुंपणात रमणारे नव्हेत. अनेक उस्तादांची विद्या त्यांनी आदराने जमवली होती. त्यामुळे कुमारांना कोणा एकाची गायकी गिरवण्यापेक्षा गाण्याविषयी प्रश्न विचारण्याची सवय लागली. याच काळात त्यांना अंजनीबाई मालपेकर यांचीही तालीम लाभली. पेडणे तालुक्यातील मालपे हे त्यांचे मूळ गाव. सुळेभावीच्या या गायकाच्या स्वरलगावात गोमंतकाचाही वाटा आहे, तो असा.

१९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि लगेचच क्षयाचे निदान झाले. हवापालटासाठी १९४८ च्या आरंभी हे दांपत्य मध्य भारतातील देवास येथे गेले. गाणे बंद झाले. अंथरुणाला खिळलेल्या कुमारांच्या कानांवर आता तबकड्यांऐवजी माळव्यातील बायकांची लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने येत राहिली. नव्या औषधोपचारांनी सुमारे पाच वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. दीर्घ दमसासाच्या जागी छोटे, धारदार स्वरसमूह आले. मध्येच आवाज कुजबुजीइतका हळुवार होई आणि पुढच्याच क्षणी भरून येई. विरामालाही अर्थ आला. शरीराने घातलेल्या मर्यादेतून शैली घडली. हुबेहूब गाणारा तो मुलगा आता उरला नव्हता.

१९६१ मध्ये भानुमतींचे निधन झाले. पुढे देवधरांच्याच शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांनी विवाह केला. या पार्श्वभूमीवर १९६५ मध्ये त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. पुढे त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली.

हे धाडस किती मोठे होते, ते गोव्याच्या रसिकांना वेगळे सांगायला नको. देवळांच्या उत्सवांतून संगीत नाटके जगवणाऱ्या आपल्या भूमीत नाट्यपदाची प्रत्येक हरकत श्रोत्यांना पाठ असते. शिवाय त्या वेळी बालगंधर्व हयात होते. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. रंगमंचावरील त्यांच्या रुक्मिणीला, भामिनीला डोळ्यांत साठवलेली पिढीही होती. ऑर्गन आणि सारंगीच्या साथीत अखंड वाहणारे ते गोल, लडिवाळ गाणे त्यांच्यासाठी पूजेचा विषय होते. कुमारांच्या गाण्यात ना स्त्रीभूमिका होती, ना रंगमंच. होता तो स्वतःच्या आवाजात घेतलेला शोध: शब्द लयीवर कसा बसतो, भाव स्वरात केव्हा उतरतो, रागाची चौकट पदात कोठे सैल होते. त्यामुळे मतभेद अटळ होते. अनेक गंधर्वभक्तांना ही पदे परकी वाटली. मूळ गोडवा हरवला, अशी त्यांची तक्रार होती. ती निराधार म्हणता येत नाही, कारण तो गोडवा पुन्हा उभा करणे हा या प्रयोगाचा हेतूच नव्हता. उलट ज्यांनी बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिले नव्हते, त्यांना दंतकथेपलीकडचा एक विचारी गायक या ध्वनिमुद्रिकेतून भेटला. ‘मला उमजलेले’ हे शब्द वाचले, की दोन्ही बाजूंचे उत्तर मिळते. कुमारांनी दावा केला तो केवळ स्वतःच्या आकलनाचा.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. १९५६ मध्ये बेळगाव, निपाणीचा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि १९६६ मध्ये सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला. भाषेवरून मने दुभंगत होती, त्याच वर्षांत कन्नड घरातून आलेला एक गायक मराठी माणसाला त्याच्या सर्वांत लाडक्या गायकाचे मर्म उलगडून दाखवत होता. आणि ते मराठी श्रोत्यांनी, वाद घालत का होईना, ऐकून घेतले. सीमाभागातील गाण्याची ही जुनी रीत आहे; तेथे सुराला कोणी भाषेचा दाखला मागितला नाही.

कबीर, तुकाराम, माळव्याची लोकगीते आणि स्वतः निर्मिलेले राग असा कुमारांचा प्रवास पुढेही चालू राहिला. १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे नाट्यगृह आज बेळगावात उभे आहे. तेथून सुळेभावी फार दूर नाही. तबकडी जशीच्या तशी गाणाऱ्या मुलाला स्वतःचा आवाज सापडायला मात्र देवासपर्यंत जावे लागले.