गाडीच्या ‘चेक इंजिन’ दिव्यामागचा माणूस: आरी हागेन-स्मिट

गेल्या पावसाळ्यात कर्वेनगरच्या सिग्नलवर आमच्या घरच्या ऑटोमॅटिक गाडीने अचानक असहकार पुकारला. सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटर दाबला, पण गाडी जागची उठेचना. गिअर तिसऱ्यातच अडकलेला आणि समोर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा. एका गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, नवीन टाका.

बाबांचा चेहरा उतरला. मी मात्र स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि मोबाईलवर कोड वाचले. दोन कोड होते, पी०७०० आणि पी०७२०. त्यांचा अर्थ शोधता शोधता एक प्रश्न डोक्यात घुसला. गाडीने आपला आजार स्वतःच सांगायचा, ही पद्धत आली कुठून? त्याचं उत्तर मला एका अशा माणसापर्यंत घेऊन गेलं, ज्याचा गाड्यांशी सुरुवातीला काहीच संबंध नव्हता.

अननसाचा वास शोधणारा माणूस

आरी हागेन-स्मिट यांचा जन्म १९०० साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात झाला. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी तिथल्याच विद्यापीठातून घेतली. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९३७ पासून कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत शिकवू लागले. त्यांचा विषय होता वनस्पतींमधली रसायनं. अननसाला तो विशिष्ट वास कशामुळे येतो, यावर ते काम करत होते. ढीगभर फळांमधून वासाचे अगदी सूक्ष्म घटक वेगळे काढायचे, हे किती चिकाटीचं काम असेल विचार करा!

त्याच काळात लॉस एंजेलिस एका विचित्र धुरक्याने हैराण झालं होतं. १९४३ च्या उन्हाळ्यात तर धुरकं इतकं दाट झालं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवायला लागले. संशय कारखान्यांवर आणि त्यांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडवर गेला. काही बंधनं घातली गेली, तरी धुरकं काही हटेना.

हागेन-स्मिट यांनी अननसाचीच पद्धत हवेला लावली. शहराची हवा भरपूर प्रमाणात ओढून घेतली, थंड केली आणि तिच्यातून निघालेल्या तपकिरी द्रवाच्या काही थेंबांची तपासणी केली. त्यातून धागा मिळत गेला. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफांमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. वाकवलेल्या रबराला या हवेत भराभर भेगा पडतात, हेही त्यांनी दाखवलं. १९५२ मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं.

तेल उद्योगाच्या पैशांवर चाललेल्या संशोधनातून त्यांच्या निष्कर्षांवर जाहीर टीका झाली. दुसरा कोणी असता तर निमूटपणे आपल्या अननसाकडे परतला असता. हे गृहस्थ उलट पेटून उठले आणि पुढची वर्षं त्यांनी धुरक्यालाच वाहून घेतली. शेवटी त्यांचं म्हणणं खरं ठरलं. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नव्या हवा-संसाधन मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याच वर्षी त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदकही मिळालं. हवेसाठी एवढं लढलेला हा माणूस १९७७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

मग गिअरबॉक्सचं काय?

नियम कडक झाले, पण एक अडचण उरली. शोरूममधून स्वच्छ निघालेली गाडी चार वर्षांनी धूर ओकायला लागली तर कळणार कसं? म्हणून याच मंडळाने गाडीने स्वतःवरच नजर ठेवावी असा नियम केला. १९८८ च्या मॉडेलपासून पहिली पिढी आली. पुढे ओबीडी-२ आलं आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांसाठी ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. गिअर चुकीचा पडला तर इंजिन नको तेवढं फिरतं, इंधन आणि धूर दोन्ही वाढतात. म्हणून गिअरबॉक्सचे कोडही याच यादीत आले.

कोड वाचणं सोपं आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी सारखा कोड. त्यानंतर सात आला की विषय गिअरबॉक्सचा.

• पी०७००: गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने तक्रार नोंदवली आहे, एवढंच. खरा कोड वेगळा असतो, तो शोधा.
• पी०७२०: बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड.
• पी०७३०: गिअरचं गुणोत्तर जुळत नाही.
• पी०७४१: टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच नीट लागत नाही.

आमच्या गाडीत पी०७२० होता. वेगच कळत नसेल तर कॉम्प्युटर गिअर कधी बदलणार? म्हणून तो सुरक्षिततेसाठी एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर घेतली, तर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडलेल्या. साफ केल्या, कोड पुसला, गाडी राजाराम पुलापर्यंत फिरवून आणली. कोड परत आला नाही. गिअरबॉक्स ठणठणीत होता!

इथेच मला हागेन-स्मिट आठवतात. सगळं शहर एका आरोपीकडे बोट दाखवत असताना त्यांनी आधी हवा तपासली. कोडचंही तसंच आहे. कोड म्हणजे कुठे बघायचं याचा पत्ता. कोणता पार्ट बदलायचा, हे तो सांगत नाही. म्हणून कोड पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग वायर आणि कनेक्टर बघा, गिअर ऑइलची पातळी आणि रंग तपासा, चालत्या गाडीत सेन्सरचा वेग आणि स्पीडोमीटरचा वेग जुळतो का ते पाहा. गिअरबॉक्स उघडायची वेळ सगळ्यात शेवटी.

कर्वेनगरहून वेताळ टेकडी दिसते. तिच्याच अंगाला असलेल्या एआरएआयमध्ये आज देशातल्या गाड्यांच्या धुराच्या चाचण्या होतात. आता तिकडे नजर गेली की मला तो अननसवाला शास्त्रज्ञ आठवतो. आणि डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याची भीती जरा कमी वाटते.