विंटरथुरचा हान्स, बार्सिलोनाचा जुआन

आमचे चिरंजीव चौथीत होते तेव्हाची गोष्ट. शाळेत बाईंनी प्रत्येकाला आपल्या गावात जन्मलेल्या एखाद्या प्रसिद्ध माणसाचं पोस्टर करायला सांगितलं. आता आपलं गाव म्हणजे नेमकं कोणतं, यावर घरात सकाळी सकाळी चर्चासत्र झालं. माझा जन्म साताऱ्याचा, शिक्षण पुण्याचं, हिचं माहेर नागपूरचं. पण पोरगा जन्मला इथे, विंटरथुरला. तेव्हा गाव विंटरथुर, असा निकाल त्याने स्वतःच देऊन टाकला. माणूसही त्यानेच निवडला. बार्सिलोना फुटबॉल क्लब ज्याने काढला तो आपल्या गावचा आहे, हे बाईंकडून त्याला कळलं होतं.

खरं सांगायचं तर मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बार्सा म्हणजे मेस्सी, एवढंच आपलं ज्ञान. पोस्टरला मदत म्हणून वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी कोसळल्याशिवाय मी एवढा जागत नाही! त्या रात्री जे वाचलं आणि नंतर प्रत्यक्ष जाऊन जे पाहिलं, ते मंडळींना सांगावंसं वाटलं म्हणून हा लेखप्रपंच.

हान्स गाम्परचा जन्म २२ नोव्हेंबर १८७७ चा. तो लहान असतानाच आई क्षयाने गेली आणि वडील मुलांना घेऊन झुरिकला आले. हान्स धावायचा, सायकल चालवायचा, रग्बी खेळायचा, पण जीव फुटबॉलमध्ये. १८९६ मध्ये एफसी झुरिक स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत हा अठरा वर्षांचा मुलगा होता. पोटापाण्यासाठी मात्र शिकला हिशेब. कामानिमित्त काही काळ फ्रान्समधल्या लियाँला राहिला आणि तिथून १८९८ मध्ये निघाला आफ्रिकेला, साखरेच्या व्यापारात नशीब काढायला. वाटेत बार्सिलोनाला काका राहत होते. म्हटलं, भेटून पुढे जाऊ.

तो पुढे गेलाच नाही. शहर आवडलं आणि राहिला. हे वाचून मी आणि हिने एकमेकांकडे पाहिलं. आम्हीसुद्धा अठरा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी आलो होतो. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मंडळातल्या निम्म्या घरांची गोष्ट याहून वेगळी नसेल.

बार्सिलोनात हान्सने आधी हिशेबनिसाची कामं केली, सारिया रेल्वे कंपनीत अकाउंटंट होता. स्विस वर्तमानपत्रांसाठी खेळावर लिहायचा. रविवारी तिथल्या स्विस प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जायचा आणि त्याच ओळखीतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळायचा. परक्या गावात आपण काय करतो? आपली माणसं शोधतो, चर्च किंवा गणपती. तिथवर त्याचं आणि आपलं सारखंच. पण त्याची पुढची पायरी वेगळी होती.

२२ ऑक्टोबर १८९९ ला लोस देपोर्तेस नावाच्या क्रीडा नियतकालिकात त्याने एक छोटी सूचना छापली. फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्यांनी भेटावं, एवढाच आशय. २९ नोव्हेंबरला सोले नावाच्या व्यायामशाळेत बाराजण जमले. त्यांत स्विस होते, इंग्रज होते, जर्मन होते आणि कॅटलानही होते. बाविशी ओलांडून त्याला जेमतेम आठवडा झाला होता. अध्यक्षपद त्याने स्वतःकडे घेतलं नाही, ते वॉल्टर वाइल्डला दिलं आणि आपण कप्तान झाला. ८ डिसेंबरला पहिला सामना, शहरातल्या इंग्रज मंडळींविरुद्ध. हरले, ०-१ ने! एवढ्या मोठ्या क्लबची सुरुवात पराभवाने झाली हे वाचून आमच्या चिरंजीवांना फार धीर आला, कारण त्यांची टीम तेव्हा सलग चार मॅच हरली होती.

गंमत बघा. पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, बार्सिलोनाच्या विद्यार्थ्यांनी दुसरा क्लब काढला. इंग्रज-स्विस लोकांचे क्लब झाले, आता आपल्या माणसांचा हवा, अशी त्यामागची भावना. तोच आजचा एस्पान्योल. म्हणजे त्या शहरात बार्सा हा परदेश्यांचा क्लब म्हणून ओळखला जात होता. हाच परदेश्यांचा क्लब पुढे कॅटलोनियाच्या अस्मितेचं चिन्ह झाला, आणि हे कसं झालं यातच गाम्परचं सगळं चरित्र आहे.

खेळाडू म्हणून त्याने १९०३ पर्यंत शंभराच्या वर गोल मारले. मग संसार, व्यापार. १९०८ मध्ये मात्र क्लब बुडायला आला. दोन-तीन वर्षं एक चषक नाही, सभासद उरले होते फक्त ३८. तुमच्या-आमच्यासारखा माणूस काय करतो? हळहळतो, आमच्या वेळी काय दिवस होते म्हणतो, आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो. २ डिसेंबर १९०८ ला, क्लब बंद करायची वेळ आलेली असताना, गाम्परने अध्यक्षपद घेतलं आणि दारोदार फिरून सभासद जमवले. चारच महिन्यांत, १४ मार्च १९०९ ला, क्लबचं पहिलं स्वतःचं मैदान इंदुस्त्रिया रस्त्यावर उभं राहिलं. सहा हजार माणसांची सोय होती. ती पुरेना, म्हणून लोक कडेच्या भिंतीवर चढून बसायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायची ती नुसती त्यांची बसायची बाजू. त्यावरून बार्साच्या चाहत्यांना नाव पडलं कुले. मराठी माणसाला याचं भाषांतर करून सांगायची गरज नाही, कुल्ले म्हणजे कुल्लेच! हे ऐकून आमच्या घरी दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पोस्टरवर मात्र ते लिहू दिलं नाही.

गाम्पर एकूण पाच वेळा अध्यक्ष झाला, शेवटचा १९२४-२५ मध्ये. प्रत्येक वेळी गाडी रुळावर आणायची, दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि पुन्हा घसरली की पुन्हा यायचं. कन्सल्टंट म्हणून मला हे फार ओळखीचं वाटलं, फरक इतकाच की तो बिल लावत नव्हता. १९१० मध्ये सभासदांत स्पर्धा घेऊन क्लबचं नवं चिन्ह ठरलं. त्यात संत जॉर्जचा क्रूस आला, कॅटलोनियाचे लाल-पिवळे पट्टे आले आणि खाली क्लबचे निळा नि किरमिजी रंग. फिलिपिन्समध्ये जन्मलेला पाउलिनो अल्कांतारा १९१२ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी पहिल्या संघात खेळला आणि पुढे त्याने साडेतीनशेच्या वर गोल केले. मग सामितिएर आला, गोलकीपर झामोरा आला. गर्दी इतकी वाढली की २० मे १९२२ ला लेस कोर्ट्सचं मोठं मैदान उघडावं लागलं, वीस हजारांहून जास्त लोक बसतील असं. आणि १९२४ पर्यंत सभासद दहा हजारांच्या वर. ३८ पासून दहा हजार!

आता भाषेचा मुद्दा. कॅटलोनिया स्पेनमध्ये असला तरी तिथल्या लोकांची भाषा वेगळी, कॅटलान, आणि तिचा त्यांना केवढा अभिमान. हान्स ती शिकला. नुसती शिकला नाही, त्याने आपलं नावच त्या भाषेत बदललं. हान्सचा जुआन झाला, आणि गाम्परचा गाम्पेर. (स्पेलिंग पाहून मी बरेच दिवस जोन वाचत होतो, ते सोडा.) १९१८ मध्ये कॅटलोनियाला स्वायत्तता मिळावी म्हणून चळवळ चालली होती. तिला गाम्पेरच्या अध्यक्षतेखाली क्लबने उघड पाठिंबा दिला. एक स्विस माणूस, प्रॉटेस्टंट, आणि कॅथलिक देशात तो कॅटलान लोकांच्या बाजूने उभा! त्याला कोणी असं करायला सांगितलं नव्हतं. जिथे भाकरी खातो तिथल्या माणसांचं सुखदुःख आपलं, इतकं साधं त्याचं गणित असावं असं मला वाटतं.

पण या गणिताची किंमत त्याला मोजावी लागली. १९२३ मध्ये स्पेनमध्ये प्रिमो द रिव्हेराची हुकूमशाही आली. कॅटलान भाषेवर, झेंड्यावर बंधनं आली. १४ जून १९२५ ला लेस कोर्ट्सवर ओर्फेओ कॅताला या गायनसंस्थेच्या सन्मानार्थ सामना होता. बंदरात आलेल्या इंग्रज आरमाराचा बँड वाजवायला बोलावला होता. बँडने स्पेनचं राष्ट्रगीत सुरू केलं आणि प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून ते बुडवलं. मग इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सरकारने मैदानाला सहा महिने टाळं ठोकलं. पुढे ती शिक्षा तीन महिन्यांवर आली. गाम्पेरला मात्र अध्यक्षपद सोडावं लागलं आणि देशही. सत्तावीस वर्षं ज्या शहरात काढली तिथून तो स्वित्झर्लंडला परत आला. ज्या देशात जन्मला तिथे आता पाहुणा.

काही काळाने त्याला बार्सिलोनाला परतायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. क्लबशी संबंध ठेवायचा नाही. मुलाचं पोस्टर करता करता मी या वाक्यापाशी थांबलो होतो. आपल्याच गल्लीत राहायचं, रविवारी मैदानावरचा गलका ऐकायचा आणि आत पाऊल टाकायचं नाही. १९२६ मध्ये स्पेनमध्ये फुटबॉल व्यावसायिक झालं. १९२९ मध्ये बार्साने स्पेनची पहिलीवहिली लीग जिंकली. हे सगळं त्याच्या हयातीत, पण त्याच्याशिवाय. त्याच वर्षी जगभर बाजार कोसळले आणि त्यात त्याचाही पैसा गेला. मन आधीच खचलेलं होतं. ३० जुलै १९३० ला, बावन्नाव्या वर्षी, त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

अंत्ययात्रेला शहर लोटलं होतं. क्लबने त्याचा सभासद क्रमांक पुन्हा कोणाला दिला नाही. १९६६ पासून त्याच्या नावाने चषक सुरू झाला, २००६ मध्ये क्लबच्या नव्या सराव केंद्राला त्याचं नाव दिलं. हे सगळं छानच. पण मला एकच प्रश्न पडला. अंत्ययात्रेला आलेल्या त्या हजारो माणसांपैकी शेवटच्या वर्षात त्याच्या घरी चहाला किती जण गेले असतील?

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुटीत आम्ही बार्सिलोनाला गेलो. कँप नोऊचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे त्या वर्षी मॅचेस मोंजुईकच्या टेकडीवरच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये व्हायच्या. त्याच टेकडीच्या समुद्राकडच्या अंगाला दफनभूमी आहे आणि तिथेच गाम्पेर आहे. चिरंजीवांना अर्थातच मॅचमध्ये रस, पण आधी तिकडे जायला ते तयार झाले. तिथे उभं असताना त्याने विचारलं की हा मग स्विस का कॅटलान? मी म्हटलं, दोन्ही. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, मग मी पण दोन्ही का? मी हो म्हटलं. शाळेत त्याला कोणी तू खरा कुठला असं विचारलं की तो गप्प होऊन घरी यायचा, हे मला माहीत होतं. त्या दिवशी उत्तर पटल्यासारखा पळत पुढे गेला. मी मात्र थोडा वेळ तिथेच रेंगाळलो, कारण माझ्या डोक्यात दुसरंच कोणीतरी होतं.

आपल्या मंडळातला एक मित्र. त्याला विचारूनच लिहितोय, नाव घेत नाही. ढोल-ताशा पथकात सर्वांत पुढे असणारा. त्या वर्षी तो गणपतीला आला नाही. सगळ्यांना वाटलं कामात असेल. मीही त्याला शुभेच्छांचा एक मेसेज फॉरवर्ड केला आणि कर्तव्य संपलं. प्रत्यक्षात त्याची नोकरी गेली होती, व्हिसाचा घोर होता, आणि लोकांना काय सांगायचं या लाजेने त्याने माणसांत येणंच सोडलं होतं. ट्रेनने वीस मिनिटांवर राहत होता तो. बार्सिलोनाहून परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी न कळवता त्याच्या दारात उभा राहिलो. सुरुवातीला दोघांनाही काही बोलता येईना. मग चहा झाला, मग जेवण, मग तो बोलायला लागला. पुढे डॉक्टरांची मदत घेतली, नवी नोकरीही लागली. आज तो बरा आहे. पण मी गेलो नसतो तर काय, हा विचार अजूनही पाठ सोडत नाही.

गाम्पेरने दोन गोष्टी मला शिकवल्या. एक तर परक्या गावात आपली माणसं शोधावीत, पण दार उघडं ठेवून. त्या व्यायामशाळेत फक्त स्विस मुलं जमली असती तर आज तो क्लब कोणाला माहीत नसता. यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाला आपले शेजारी, मुलांच्या वर्गातली मुलं यांनाही बोलावूया, असा माझा कार्यकारिणीकडे आग्रह आहे. चकली सगळ्यांना आवडते! आणि दुसरी गोष्ट त्याच्या शेवटातून शिकलो. ज्याने आपल्यासाठी एवढं केलं तो दिसेनासा झाला तर फॉरवर्ड पाठवू नये. जाऊन बेल वाजवावी.

पोस्टरला बाईंनी शाबासकी दिली. खाली चिरंजीवांनी स्वतःच्या अक्षरात दोन्ही नावं लिहिली होती, हान्स आणि जुआन, शेजारी शेजारी. ते अजून आमच्या फ्रिजवर आहे.

सर्वांना शुभ दीपावली!